शांत हात

"अप्पा, आज हात किती शांत आहे तुमचा!" थालीपीठ वाढताना त्यांची लेक शर्वाणी म्हणाली.

अप्पा पांढरेफटक पडले. "शांत नाही गं. अडकलाय."

गॅसविहिरीतला पाइप त्यांच्या उजव्या हाताच्या नसांशी जोडलेला होता. चार किलोमीटर खोल तो वरखाली होई, तसा घरी त्यांचा हात हले. पाइप जरा घासला की अप्पा विहीर खोदणाऱ्या रिगवर कळवत. आज सकाळी मात्र त्यांचा डोळा लागला होता.

रिगवरून फोन आला. "अप्पा, विहीर वाचवायची तर पाइप कापावा लागेल."

कापला की हाताची जाणीव कायमची जाणार, हे शर्वाणीला ठाऊक होतं.

"दोन मिनिटं थांब रे," अप्पा म्हणाले. डाव्या हाताने उजवा उचलून त्यांनी तो तिच्या गालावर ठेवला.