धाकटीचं तळं

जाळं पाण्यातून वर आलं तेव्हा धाकटीने आधी सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग जाळ्याकडे. उजेड दोन्हीकडे नव्हता.

“याच्यापेक्षा मुंग्या बऱ्या,” म्हणत सासऱ्यांनी मूठभर कोळंबी तराजूच्या पारड्यात ओतली.

थोरले दीर पारड्यावर वाकले. बांधापलीकडचं मोठं तळं ते चालवत. अलीकडचं हे धाकट्या भावाने स्वतः खणलेलं. तो वारल्यापासून त्याची बायको, धाकटी, सांभाळत होती. दर आठवड्याला फेकजाळ्यात येईल ती कोळंबी तोलायची आणि त्यावरून अख्ख्या तळ्याची वाढ ठरवायची, ही या घराची रीत.

“तसूभर पुढे नाही,” थोरले म्हणाले. “राग मानू नकोस, पण तळं म्हणजे घागर नव्हे, भरली की झालं.”

“खातात तर सगळं, भाऊजी. खाद्याचं तबक वर काढावं तर जिभेने चाटल्यासारखं लख्ख.”

“मग अंगी का लागत नाही?”



मागचं पीक रोगाने गेलं होतं. एका सकाळी कडेकडेने कोळंबी पांढरी पडून तरंगत होती, जणू कुणी पाण्यावर लाह्या उधळल्या. तेव्हाच थोरल्यांनी सांगून टाकलं होतं: यंदा माल काढायच्या आधी मामांना, आईच्या भावाला, बोलावून वाटणी करू. तुझ्या हातून तळं उभं राहिलं नाही, तर दोन्ही मी बघेन. तुझं दोन वेळचं जेवण काही कुठे जात नाही.

तेच जेवण तिला नको होतं. नवऱ्याने कुदळीने खणलेल्या तळ्याकाठी दुसऱ्याच्या ताटात मान खाली घालून जेवायचं, त्यापेक्षा उपाशी झोप बरी.

म्हणून यंदा तिने काही बाकी ठेवलं नाही. तळं उपसलं, तळाला भेगा पडेपर्यंत उन्हात वाळवलं, काळा गाळ खरवडून काढला, चुना पसरला. तपासून घेतलेलं कोळंबीचं बीज सोडलं. गुळाच्या पाण्यात चांगले जंतू आंबवून ते पाण्यात मिसळले. पंखे पाणी घुसळत राहिले, तशी तीही बांधावर फिरत राहिली. खाद्य फेकताना आपोआप ओठांवर यायचं,

‘वाढा ग पोरींनो, माझा जीव तुमच्यावर,
दिवसरात पंख्यांचा वारा तुमच्या घरावर.’

तबकात कधी एखादी टपोरी कोळंबी चढलेली दिसे. काळीज हलकं व्हायचं. पण एका फुलाने काही झाड बहरलं म्हणत नाहीत. खरं ते तराजूचं.

“मामंजी, एकदा मधे टाकून बघा ना जाळं,” ती एकदा म्हणाली. सासरे नेहमी एकाच कोपऱ्यातून टाकत, पंख्यांचं पाणी जिथे थकून पोचतं तिथून.

“माझ्या गुडघ्याला तेवढाच उतार झेपतो,” ते फिस्कारले. “आता जाळं टाकायलाही सुनेकडून शिकू? आधी वाढवायला शीक.”

तिने पुन्हा विचारलं नाही. म्हाताऱ्याचा जीव थोरल्यात, हे तिला ठाऊक होतं. धाकटा गेल्यावर तिच्याशी ते धड बोललेच नव्हते.

वाटणीच्या दिवशी मामा आले, बांधावर खुर्ची टाकून बसले. सासऱ्यांनी कोपऱ्यात जाळं टाकलं. आली ती पुन्हा तशीच, बोटाच्या पेराएवढी, मऊ सालीची. मामांनी एक उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

“आता मी सांगतो,” सासरे म्हणाले. “हिच्या हाताला कोळंबी लागत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. थोरल्या, दोन्ही तळी तूच घे. हे तर आजपासूनच घे.”

धाकटीला वाटलं, पायाखालचा बांध पाण्यात विरघळला. तिने पदराचं टोक घट्ट धरलं. रडायचं नाही, एवढंच तिने स्वतःला बजावलं.

“आजपासून?” थोरले म्हणाले.

“मग? खाद्य, चुना, पंख्यांची वीज, सगळं आता तुझ्याकडे. हा खुरटा माल पुढचे चार महिने पोस. आजारी निघाला तर तेही निस्तर. बांध एकच आहे, तुझ्या तळ्यात रोग शिरायला वेळ लागणार नाही. पण तू हुशार आहेस.”

थोरल्यांनी पारड्याकडे पाहिलं. मग आपल्या तळ्याकडे.

“नको,” ते म्हणाले. “मामा, तुमच्यासमोर सांगतो. तिचं तळं तिलाच राहू दे. खाणारं तोंड मी गळ्यात बांधून घेणार नाही. माल काढो की बुजवून टाको, माझा त्यावर पुन्हा शब्द नाही.”

“बघ बाबा,” मामा म्हणाले. “उद्या फिरशील.”

“फिरलो तर तुमचं पायताण आणि माझं डोकं.”

“कपाळ तुझं,” सासरे पुटपुटले. “मी देत होतो.”

मामा आणि थोरले गेले. धाकटी तिथेच बांधावर बसली. तळं मिळालं होतं, पण नाकारून टाकलेलं. कुणी उष्टं पुढे सरकवावं तसं. इतक्या उन्हातान्हात राबून तिने खुरटी पोरंच वाढवली होती.

“ऊठ,” मागून सासरे म्हणाले. “होडीत बस.”

ती कशीबशी बसली. म्हाताऱ्याने गुडघ्याचं नावही न काढता बांबूने होडी रेटली, तळ्याच्या ऐन मध्यावर आणली. तिथे पंख्यांचं पाणी फेर धरून नाचत होतं. ते उभे राहिले. जाळं हवेत फुललं, गोल पडलं, बुडालं. त्यांनी दोर ओढायला घेतला तशी होडी एका अंगाला कलली. पाण्याखालून वीतभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड कोळंबी तडातडा उडू लागली. थेंब धाकटीच्या तोंडावर आले.

“बघत काय राहिलीस, पोरी?” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “हात लाव. मला एकट्याला उचलेना.”