दुसरा माइक

मालसुकला घरीच पान्सोरीचं, म्हणजे ढोलाच्या साथीवर गायच्या कोरियन कथागीताचं, गाणं रेकॉर्ड करायचं होतं, म्हणून ती नवऱ्याला, दोकसूला, घेऊन सेऊलच्या वाद्यबाजारात आली. आयुष्यभर तिला ढोलाची साथ आणि ओळीओळीला दाद देणारा दोकसू लकव्याने लुळा पडलेला हात खिशात घालून दाराशीच थांबला. “बाई, हा माइक घ्या. तुमच्या गळ्याशिवाय काही टिपणार नाही,” दुकानदार म्हणाला. तिने एक ओळ गाऊन पाहिली. ती संपताच दोकसूच्या तोंडून सवयीने दाद निघाली, “ऑल्सिगू!” दुकानदाराने रेकॉर्डिंग ऐकवलं. “बघा, यांचा आवाज आलाच नाही!” दाद गळाल्यावर ती ओळ मालसुकला अगदी पोरकी वाटली. “त्यापेक्षा साधेच दोन द्या.” “दुसरा कशाला?” दोकसू कुरकुरला. “मी आता थोडाच वाजवणार?” “अहो, हात गेला, तोंड आहे ना? दाद काय दुकानदार देणार?” दोकसू पुढे आला. “माझा जरा दणकट द्या. मी जोरात ओरडतो.”