लाइनीतला माणूस

"छगनभाई, आता जे सांगणार आहे ते कोणाला पटायचं नाही. तुम्हाला तर नाहीच नाही," हिलाल वायरमन म्हणाला. "या लाइनीत माणूस आहे."

छगनभाईंनी धोतर घोट्यावर उचललं, जणू लाइन जमिनीवरूनच चालली होती.

सुरतेच्या कतारगामातलं हे घर त्यांचं. ते खाली राहायचे, वरची खोली केशरबाईला भाड्याने दिलेली. ती मागाच्या कांड्या भरायला कारखान्यात गेली, खोलीला कुलूप लागलं, की भर दुपारी तिचं मीटर आपलं आपण फिरायचं. वायरिंग बिघडलंय, एक दिवस घर पेटेल, असं छगनभाईंनी धरलं होतं. आज फॉल्ट सापडला तर बाई राहील, नाही तर सामान रस्त्यावर. सामान काढायला ओळखीचा एक पोलीस जमादारही त्यांनी सोबत आणला होता.

केशरबाईचा नवरा भगवंत मिलमध्ये वायरमन होता. अडुसष्टच्या पुरात तापीने नेला. शर्ट बाभळीला अडकलेला मिळाला, माणूस मिळाला नाही.

"संपात मिलचं फाटक पाडलं म्हणून त्याच्या नावाचं वॉरंट माझ्याच खिशात होतं," जमादार ट्रंकेवर बसत म्हणाला. "त्याला पूर घेऊन गेला, माझी पायपीट वाचली."

केशरबाई चुलीपाशी उभी होती. तिने तोंड फिरवलं. खानदेशात तिचं आता कोणी नव्हतं. ही खोली गेली तर जायला जागा नाही, हे हिलालला माहीत होतं. म्हणून तर त्याने घाम गाळला होता.

मेन बंद केलेला. दिवे काढून ठेवलेले, सॉकेटं रिकामी. हिलालकडे दोन सेल आणि एक घंटी. सॉकेटच्या दोन्ही भोकांत तारा घातल्या की घंटी मुकी राहायला हवी. वाजली, तर कुठेतरी दोन तारा एकमेकींना भेटताहेत.

पहिल्या सॉकेटला घंटी गप्प. दुसऱ्याला दबकी वाजली, नाकातोंडात पाणी गेल्यासारखी. परत पहिल्याला लावली, तर आता तिथेही दबकी. मग दोन्हीकडे काहीच नाही. त्याने बोर्ड उघडले. स्क्रू घट्ट होते, लाकूड कोरडं होतं. कोपऱ्यात पुराचा थोडा गाळ, तोही खडखडीत वाळलेला.

"तार माळ्यावरून येते. तिथे बघायला हवं," तो मघाशी म्हणाला होता.

"फळ्या पुराने कुजल्यात, भाऊ," केशरबाई म्हणाली होती. "मीसुद्धा पाय ठेवत नाही."

हिलालने आपल्या पोटाकडे पाहिलं आणि लगेच मान्य केलं.

वायरमनकीने हात टेकले, तेव्हा त्याने जिभेला कामाला लावलं.

"सगळे गप्प बसा," तो आता म्हणाला. शेजारचे माग जेवणाच्या सुट्टीला थांबले होते. त्याने तारा लावल्या. घंटी दबकी वाजू लागली.

"भगवंता," त्याने मोठ्याने विचारलं, "आहेस का?"

घंटी थांबली.

हिलालच्या स्वतःच्या अंगावर काटा आला. पण मिळालेली गोष्ट सोडणारा तो नव्हता.

"आम्ही भूतबीत मानत नाही, हिलालभाऊ," केशरबाई हळूच म्हणाली.

"तुम्ही नका मानू, वहिनी. त्याचं काही अडत नाही."

"अरे, पण ए तो नदीमां गयो ने?" छगनभाईंचा आवाज बारीक झाला होता. "वायरमध्ये कसा येणार?"

हिलालने बोर्डातला गाळ बोटावर घेतला आणि त्यांच्या नाकापुढे धरला. "नदी घरात आली, घरातून बोर्डात शिरली. आता यात नदी किती आणि भगवंत किती, सांगा तुम्हीच." छगनभाई मागे सरले. "बायको इथे आहे तोवर तो इथे आहे, शेठ. तिला काढलीत तर तिला शोधत निघेल. आणि तार तर एकच. इथून खाली उतरली की थेट तुमच्या देवघरात जाते."

छगनभाईंनी जमादाराला हात केला. "ट्रंक राहू दे. बेन भले इथेच राहो."

केशरबाईने डोळे मिटले. काम झालं होतं. पण समोर तीन माणसं कान टवकारून बसलेली असताना हिलाल कधी उठला होता?

"पण मग एकदा वाजते, एकदा नाही, ते कसं?" जमादाराने विचारलं.

माहीत नाही, असं हिलालने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

"कामच कच्चं. दुसरं काय?" तो म्हणाला. "जिवंतपणी जॉइंट ढिले ठेवले, आता त्यातच अडकतोय."

"चहा घ्या, भाऊ," केशरबाई म्हणाली. "आणि पुरे करा."

"मेलेल्याला नावं ठेवू नयेत, वहिनी, पण भगवंताला डाख द्यायचा कंटाळा. तारांना नुसता पीळ मारायचा, वर पट्टी गुंडाळायची. कथलाचा थेंब लावेल तर शपथ. मिलमधले त्याचे जॉइंट मागाहून मी उघडायचो आणि नीट करायचो."

"पाया पडते तुमच्या. त्यांच्या कामाबद्दल बोलू नका." ती खरंच वाकली.

जमादार हसला. हिलालला चेव चढला.

"अहो, मला उस्ताद म्हणायचा. म्हणायचा, हिलालदादा, तुझ्यासारखा डाख मला या जन्मी जमायचा नाही."

"थापाड्या," डोक्यावरच्या फळ्यांमधून आवाज आला, "तुला डाख द्यायला शिकवला कोणी?"