नवव्या रॅकवरचा घड

इटलीत काळी द्राक्षं तीन-तीन महिने सुकवून त्यांची दाट लाल वाईन करतात. तिला आमारोने म्हणतात. अकोल्याच्या गोरक्षनाथ वाकचौरेनं ती आपल्या रानात करायचं मनावर घेतलं आणि यंदाचा सगळा माल शेडमधल्या नऊ रॅकवर पसरला.

मे उजाडेपर्यंत घड सुरकुतून अर्धे झाले. फक्त पार आतल्या, नवव्या रॅकवर एक घड ताजा होता, आत्ताच वेलीवरून उतरवल्यासारखा टपोरा. गोरक्षनाथनं तो उचलून फेकून दिला. दुसऱ्या दिवशी तसाच घड आठव्या रॅकवर होता. तिसऱ्या दिवशी सातव्या.

"सविता, शेडात कोन ताजा माल ठिवतंय?" त्यानं बायकोला विचारलं.

"अहो, मे महिन्यात ताजा माल कुठला? समद्यांच्या बागा कवाच रिकाम्या झाल्या. आन् किल्ली तर तुमच्याच खिशात हाय."

त्यानं कुलूप बदललं. तरी घड रोज एक रॅक दाराकडं येत राहिला. तो पहिल्या रॅकवर दिसला, त्या दिवशी गोरक्षनाथला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र शेडमध्ये एकही ताजा घड नव्हता. त्यानं सगळे रॅक दोनदा पाहिले आणि सुटल्यासारखा घराकडं आला.

ओट्यावर त्याची ऐंशी वर्षांची आई, बायडाबाई, तोंडावर पदर ओढून बसली होती.

"गोरक्षा, पानी दे रं. लई तहान लागलीया."

त्यानं तांब्या भरून आणला. तो घ्यायला आईनं पदराआडून हात पुढं केला.

त्या हातावर एकही सुरकुती नव्हती.