वजन की क्लॅम्प

"वजन ठेवू की क्लॅम्प लावू?" प्रभाकरांनी दोन्ही वस्तू सुमेधाच्या पुढ्यात धरल्या. वाकलेली रेकॉर्ड प्लेअरवर सपाट दाबून धरायच्या, ठाण्याच्या दुकानदाराने ओळखीवर वापरून बघायला दिलेल्या.

"हो," सुमेधा म्हणाली.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. चहा हवा का, हो. नको का, तरीही हो. उजवं अंग लुळं पडलेलं. ज्याला जो हो सोयीचा, तो त्याने उचलायचा, असं घरात चाललं होतं.

रेकॉर्ड तिचीच होती. लग्नाआधी गाण्याच्या क्लासने हौसेने काढलेली, त्यात एक भावगीत सुमेधाचं. डोंबिवलीच्या या घरात ती माळ्यावर पडली आणि तापलेल्या स्लॅबखाली भाजल्या पापडासारखी वाकली. सुई अंतऱ्यापर्यंत यायची आणि उडी मारायची. आता बायकोचं बोलणंच गेलं, तर तो आवाज तरी प्रभाकरांना घरात परत हवा होता. वेडच लागलं होतं म्हणा ना.

वजन ठेवून पाहिलं. प्लेअर बिचारा जुना, त्या पितळी ओझ्याखाली मोटर दमली आणि सूर खाली घसरला. मग त्यांनी क्लॅम्प मधल्या खुंटीवर बसवला आणि पिळून घट्ट केला. रेकॉर्ड मुकाट सपाट झाली.

सुई टेकली. खरखर सरली आणि बावीस वर्षांची सुमेधा गाऊ लागली. काय मोकळा आवाज होता तिचा! अंतरा आला, सुई जागची हलली नाही. प्रभाकरांचा ऊर भरून आला.

सुमेधाच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"बाबा, बंद करा. आईंना त्रास होतोय," सून क्षिप्रा दारातून म्हणाली.

"काहीतरीच काय. आनंदाने रडतेय ती. हो ना गं?"

"हो."

"बघ," प्रभाकर म्हणाले.

क्षिप्रा सासूजवळ येऊन वाकली. "आई, बंद करू ना?"

"हो."

प्रभाकरांनी आवाज थोडा वाढवला. अंतऱ्यातली ती तान सुमेधाला नीट ऐकू यावी म्हणून.

सुमेधाने डावा हात उचलून डाव्या कानावर घट्ट दाबला. मग उजव्या खांद्याला हिसका दिला. पुन्हा दिला. तो हात काही मांडीवरून उठला नाही.