धारप सरांची तोंडी परीक्षा

परीक्षार्थी आत येताच परीक्षक बाईच खुर्चीतून ताडकन उठून उभ्या राहिल्या. सेमिनार हॉलमध्ये हशा पिकला.

"बस गं, वैजयंती," धारप सर ओशाळून म्हणाले.

विद्यापीठाच्या एमबीए विभागात जन्मभर मार्केटिंग शिकवून निवृत्तीनंतर सरांनी आठवडी बाजारातल्या घासाघिशीवर पीएचडीचा प्रबंध लिहिला होता. आणि तोंडी परीक्षेला बंगळुरूहून आली होती नेमकी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आता ही पोर आपल्याला सांभाळून घेणार आणि फुकटची पदवी गळ्यात पडणार, या धास्तीने सरांना अन्न गोड लागत नव्हतं.

सर ठासून बोलले. "गिऱ्हाईक ज्याच्याशी घासाघीस करतं, त्याच्याकडेच पुन्हा येतं, हा माझा निष्कर्ष."

सगळ्यांनी माना डोलावल्या. वैजयंतीने चष्मा काढला.

"बरं, मग?"

मागे बसलेले जुने विद्यार्थी दचकले. याच दोन शब्दांनी सरांनी वर्गात भल्याभल्यांची प्रेझेंटेशनं झोपवली होती, तिचंही.

सरांना दरदरून घाम फुटला. रुमाल काढता काढता ते शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांकडे झुकले आणि छाती फुगवून कुजबुजले, "बघितलंत? माझी विद्यार्थिनी आहे!"