लशीची खूण

धाकट्या बहिणीने केलेल्या चहाचा कप सांभाळत ताईने होणाऱ्या सुनेच्या रक्ताचा रिपोर्ट बहिणीपुढे आपटला. “एचआयव्ही पॉझिटिव्ह! मी लग्न मोडतेय.”

धाकटीचं डोकं सणकलं. उभी हयात तिने याच रोगाच्या लशीवर घालवली होती. “अगं, पोरीला काहीही झालेलं नाही! आमच्या प्रयोगासाठी तिने स्वतःहून लस टोचून घेतली. रिपोर्टात दिसतेय ती त्या लशीची खूण. रक्तात विषाणू नाही, हे आम्ही दहादा तपासलंय.”

“असेल. पण विषाची परीक्षा कशाला घ्यायची?”

“मग माझाही रिपोर्ट बारा वर्षं असाच येतोय. पहिली सुई मीच टोचून घेतली होती.”

ताईने कप हळूच खाली ठेवला.

“उचल तो!” धाकटी कडाडली. “बारा वर्षं माझ्या हातचं खाऊन मेली नाहीस, आज एका घोटाने मरणार आहेस?”